डाव्या हाताने चिनी अक्षरं: हात तोच ठेव, कागद फिरव

पत्र

ताई,

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात नोकरी करते. आमच्या कंपनीचे बरेच सुटे भाग चीनमधून येतात, म्हणून जूनपासून शनिवार-रविवार चिनी शिकायला लागले. बोलणं-ऐकणं बरं चाललंय. अडलंय ते लिहिण्यावर. मी डावखुरी आहे. पहिल्याच आठवड्यात आमचे शिक्षक म्हणाले, “चिनी अक्षरं उजव्या हातासाठीच घडली आहेत, आत्ताच हात बदल, नाहीतर कायम वेडीवाकडी येतील.” लहानपणी आजीने माझ्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवलं होतं, तरी तो हात सुटला नाही. आता सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा तेच करायचं का? दोन महिने उजव्या हाताने गिरवून पाहिलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी येतात आणि दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. डाव्या हाताने लिहिलं तर आडव्या रेघा उजवीकडे खाली उतरतात, शाई फासली जाते. रेघा उलट, उजवीकडून डावीकडे ओढल्या की सोपं जातं, पण तसं चालतं का? आणि मला कधीतरी ब्रशने लिहायचंय. तो विचार सोडूनच द्यावा का?

– एक डावखुरी, पुणे

उत्तर

हात बदलू नकोस. रेघांची दिशा आणि क्रमही बदलू नकोस. दोन्ही एकाच वेळी जमतं. मी स्वतः डावखुरी आहे आणि गेली एकोणीस वर्षं डाव्या हातानेच चिनी लिहिते आहे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. वही समोर घेऊन वाच, मधूनमधून लिहून बघावं लागेल.

तुझ्या शिक्षकांचं अर्धं म्हणणं खरं आहे. चिनी अक्षराचं वळण उजव्या हाताने घडवलंय, यात वाद नाही. आडवी रेघ घे, ‘हंग’ म्हणतात तिला. ती डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हातात पेन उजवीकडे झुकलेलं असतं, त्यामुळे ही रेघ काढताना टोक हातामागून येतं; रेघ ओढली जाते. तुझ्या-माझ्या हातात पेन डावीकडे झुकलेलं असतं. तीच रेघ आपण काढतो तेव्हा टोक पुढे आणि हात मागून, म्हणजे आपण ती ढकलतो. ढकललेलं टोक कागदात रुततं, अडखळतं, आणि नवशिक्याची रेघ थरथरते.

दुसरी अडचण उताराची. लिहिताना कोपरापुढचा हात कोपरावर टेकलेला असतो आणि मनगट त्याच्या आडव्या दिशेला सहज फिरतं. उजवा हात कागदावर उजवीकडून तिरका येतो, म्हणून त्याची आडवी रेघ आपोआप किंचित वर चढते. छापील नमुन्यांतही ‘हंग’ उजवीकडे जराशी उचललेली दिसते, तिचं मूळ हेच. डावा हात डावीकडून तिरका येतो, म्हणून त्याची रेघ उजवीकडे खाली उतरते. तुझ्या रेघा उतरतात त्या तुझ्या कमी सरावामुळे नाहीत, हाताच्या बांधणीमुळे उतरतात.

मग उपायही तिथेच आहे. कागद फिरव. वहीची वरची कड घड्याळातल्या बाराऐवजी एककडे रोखून ठेव, म्हणजे वही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडी वळेल. वही छातीच्या समोर न ठेवता जरा डावीकडे सरकव. आता तुझा हात जी उतरती रेघ सहज काढतो, ती कागदावर आडवी पडेल. आणि उभी रेघ, ‘शू’, कोपराच्या दिशेने सरळ खाली ओढली जाईल. हात ओळीच्या खाली ठेव. पुष्कळ डावखुरे मनगट वाकवून हात ओळीच्या वर आणतात, आकड्यासारखा. देवनागरी तशी चालून जाते, पण चिनीत नको, कारण अक्षर चौकोनात बसवायचं असतं आणि वाकवलेल्या मनगटाखाली चौकोनच दिसत नाही. पेन टोकापासून जरा लांब, दोन-अडीच बोटं वर धर. एक सांभाळ: पान संपलं की वही सरळ करून अक्षरांकडे बघ. तिरक्या वहीवर डोळा फसतो. उभ्या रेघा सरळ वाटतात आणि असतात कलत्या. मी पहिलं वर्षभर प्रत्येक पानानंतर वही सरळ करून बघायची आणि जी रेघ कलली असेल तिच्याजवळ टिंब द्यायची.

आता ढकलण्याबद्दल. तू चिनी शिकताना पहिल्यांदाच रेघ ढकलते आहेस असं तुला वाटतंय ना? पहिलीपासून शिरोरेषा कशी देतेस? डावीकडून उजवीकडेच. ‘महाराष्ट्र’ लिहून वर आख्खी रेघ दिलीस, ती ढकलूनच दिलीस. वीस वर्षांपेक्षा जास्त काळ तुझा डावा हात दिवसातून शेकडो वेळा ही आडवी रेघ ढकलतो आहे. चिनी ‘हंग’ म्हणजे अक्षराच्या आत शिरलेली शिरोरेषा समज. मला स्वतःला हे सुचलं तेव्हा मी एका संध्याकाळी पानभर नुसत्या शिरोरेषा काढल्या, अक्षरांशिवाय, आणि मग त्याच हाताने ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ लिहिले (चिनीत ते एक, दोन आणि तीन आडव्या रेघाच आहेत). तोवर जो हात घाबरत होता तो घाबरायचा थांबला. तू हे आजच करून बघ.

उलट्या दिशेचा मोह मला समजतो, कारण मी त्याला बळी पडले होते. सुरुवातीचे चार महिने मी आडव्या रेघा उजवीकडून डावीकडे ओढायची. अक्षर देखणं यायचं, कोणाला कळतही नव्हतं. मग एकदा एका चिनी बाईंनी हाताने लिहिलेली चिठ्ठी समोर आली आणि मला त्यातलं निम्मं वाचता येईना. चिनी माणसं रोजच्या लिहिण्यात रेघा जोडतात, आपण मोडी वळणाने लिहायचो तशा, आणि त्या जोडल्या जातात त्या क्रमानेच: पहिली कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, त्या वाटेवर पेन कागदावरून उचललेलं नसतं. ती वाट हाताला माहीत नसेल तर डोळ्यांनाही दिसत नाही. उदाहरण देते. पाण्याशी संबंधित अक्षरांच्या डाव्या कडेला तीन थेंब असतात: नदी, समुद्र, दारू, धुणं, सगळ्यांत. वरचे दोन थेंब खाली पडतात, तिसरा मात्र खालून वर उजवीकडे उडतो. जलद लिहिताना दुसरा आणि तिसरा थेंब मिळून एकच वळसा होतो. तिसरा थेंबही तू वरून खाली टाकलास, तर छापल्यासारखं अक्षर दिसेल, पण तो वळसा तुझ्या हातातून कधी निघणार नाही आणि दुसऱ्याच्या हातातला ओळखूही येणार नाही. मला ते चार महिने पुसून काढायला आठ महिने लागले. तू त्या वाटेला जाऊ नकोस. फोनवर बोटाने अक्षर काढून शब्द शोधतेस ना, तिथेही कित्येक प्रणाली आकाराबरोबर क्रम आणि दिशा बघतात. उलट्या रेघांना त्या भलतंच अक्षर सुचवतात.

क्रम पाठ करायला फार काही नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर (‘दहा’ म्हणजे अधिकचं चिन्ह, त्यात आडवी पहिली). ‘लहान’ या अक्षरात मधली उभी रेघ आधी, बाजूच्या दोन नंतर. चौकटीची अक्षरं असतील तर आधी चौकटीच्या तीन बाजू, मग आतला ऐवज, आणि तळाची रेघ सगळ्यांत शेवटी. माणसं घरात आली की दार लावायचं, तसं. ‘तोंड’ हा नुसता चौकोन आहे, पण चार रेघांचा नाही, तीनच रेघांचा. वरची आणि उजवी बाजू एकाच दमात वळवून काढतात. शब्दकोशात अक्षर रेघा मोजून शोधायचं असेल तर हे माहीत असावं लागतं. चीनमध्ये हा क्रम सरकारी पातळीवर ठरवलेला आहे; त्याची प्रमाण नियमावली १९९७ साली निघाली. तरी ती काही दगडावरची रेघ नव्हे. ‘डावा’ आणि ‘उजवा’ ही दोन अक्षरंच बघ. दोघांचं डोकं सारखं, एक आडवी आणि एक तिरकी. चीनमध्ये दोन्हींत आडवी आधी. जपानमध्ये ‘डावा’ला आडवी आधी आणि ‘उजवा’ला तिरकी आधी! एकाच लिपीतल्या एकाच आकाराला दोन देशांत दोन क्रम आहेत. म्हणून तुझ्या शिक्षकांनी चीनमधला क्रम सांगितला असेल तर तो धर, पण जपानी शिकणारी मैत्रीण वेगळा सांगेल तेव्हा तिच्याशी भांडू नकोस.

तिरक्या रेघांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर उजवीकडून खाली डावीकडे येणाऱ्या तिरक्या रेघेला ‘फिए’ म्हणतात. आणि चिनीत डावखुऱ्याला म्हणतात ‘जुओ-फिए-ज’ (दोन्ही ज ‘जोर’मधले, हा उच्चार आपल्याकडे आहे, हिंदी भाषकांना तो मुद्दाम शिकावा लागतो). मधलं ‘फिए’ लिहितात त्याच रेघेच्या अक्षराने. आणि खरोखरच ही रेघ आपल्या हाताला सगळ्यांत सहज येते, कारण ती आपण ओढतो. त्रास देते तिची जोडीदारीण ‘ना’, वर डावीकडून खाली उजवीकडे जाणारी, शेवटी दाबून पाय पसरणारी. ‘माणूस’ हे अक्षर म्हणजे या दोघीच, छपराच्या दोन पाखांसारख्या टेकलेल्या. ते अक्षर रोज पन्नास वेळा लिही. माझ्या मते डावखुऱ्याने ‘हंग’पेक्षा ‘ना’वर जास्त वेळ घालवावा, आणि कोणतंही गिरवणीचं पुस्तक हे सांगत नाही.

गिरवणीच्या पुस्तकांचा आणखी एक छळ आहे, तो उजव्या हाताच्या शिक्षकांच्या लक्षातच येत नाही. नमुन्याचं अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला छापलेलं असतं आणि आपला हात नेमका त्यावर पडतो. दर वेळी हात उचलून बघायचं, परत ठेवायचं. मग आठवणीतून चुकीचं अक्षर उतरतं आणि तेच वीस वेळा गिरवलं जातं. पानाची झेरॉक्स काढ, नमुन्यांची पट्टी कापून उजव्या बाजूला चिकटवून टाक. माझं निम्मं चुकणं एवढ्याने थांबलं. कागद घ्यायचा तो चौकटींचा. चौकटीत अधिकचं चिन्ह असेल तर तिला ‘थिएन-ज-ग’ म्हणतात, कारण तशी चौकट म्हणजेच ‘शेत’ हे अक्षर. तिच्यात कर्णही काढलेले असतील तर ‘मी-ज-ग’. ‘मी’ म्हणजे तांदूळ, आणि त्या अक्षरातही अधिकच्या चार कोपऱ्यांत चार रेघा असतात. तू कर्णवाली घे, तिरक्या रेघा त्यात चटकन तपासता येतात. बाजारात नाही मिळाली तर पट्टीने आखून झेरॉक्स मार. पेन्सिल टूबी, नंतर साधं बॉलपेन. जेल पेन आणि शाईचं पेन सध्या नको, एक फासतं आणि दुसऱ्याची निब ढकलताना कागद खरवडते.

शाई फासण्यावरून मात्र तुला एक आनंदाची गोष्ट सांगते. चिनी लिपी हजारो वर्षं आडवी लिहिली जातच नव्हती. उभे स्तंभ, पहिला स्तंभ पानाच्या उजव्या कडेला आणि पुढचा त्याच्या डावीकडे. बीजिंगच्या ‘पीपल्स डेली’ने आडवी छपाई सुरू केली ती १ जानेवारी १९५६ला. तैवानमध्ये सरकारी कागदपत्रं आडवी झाली ती तर २००५मध्ये. आता त्या उभ्या मांडणीत डावा हात ठेवून बघ: लिहिलेलं सगळं हाताच्या उजवीकडे राहतं आणि हात कोऱ्या कागदावर. फासायला काही उरतच नाही! जुन्या मांडणीत अडचण झाली तर उजव्या हाताच्या माणसाची होते. म्हणून सरावाच्या निदान अर्ध्या पानांवर उभे स्तंभ लिही, उजवीकडून सुरू करून. मी अजूनही माझी टिपणं तशीच काढते.

उजव्या हाताने गिरवलेली अक्षरं दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, असं तू लिहिलंस. आठवणार कशी? तुझं सगळं लक्ष पेन सावरण्यात गेलं. अक्षर लक्षात राहतं ते हाताला वाट माहीत झाल्यावर, आणि नवख्या हाताची वाट रोज वेगळी असते. खुद्द चीनमध्येही हल्ली लोक कीबोर्डवर इतकं लिहितात की पेन हातात घेतल्यावर साधं अक्षरही आठवत नाही. त्याला त्यांच्याकडे म्हणच आहे, ‘थी-बी-वांग-ज’, पेन उचललं नि अक्षर विसरलं. ज्या हाताला अक्षरं लवकर आठवतात तो हात तुझ्याकडे आहे. त्याला काम दे.

आणि आजीचं फडकं. ते वाचून मला माझ्या घरची मंडळी आठवली. तुझ्या आजीवर रागावू नकोस, हा समज तिच्या एकटीचा नव्हता आणि आपल्या एकट्यांचाही नाही. आपण वाममार्ग म्हणतो, चिनीत नेमकं तसंच ‘जुओ-दाओ’ म्हणतात, डावी वाट, म्हणजे वाईट पंथ. १९७६ साली तैवानातल्या चार हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या पाहणीत डाव्या हाताने लिहिणारे शंभरात एकही भरले नाहीत. डावखुरे तिथे जन्मतच नाहीत असं थोडंच आहे. घरी आणि शाळेत हात बदलून घेतले जात होते. तरी त्याच भाषेत सन्माननीय पाहुण्यासाठी डावी जागा रिकामी ठेवून वाट बघण्याचा वाक्प्रचारही आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासग्रंथातून आलेला. तुझ्या शिक्षकांच्या शिक्षकांनी त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी तुला सांगितलं. ते तुझ्या वाईटावर नाहीत. त्यांना एवढंच म्हण: सर, हात राहू द्या, अक्षर तपासा. आणि वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला बस, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने खेळला आणि सही डाव्या हाताने करतो, हेही त्यांना सांगून बघ. महाराष्ट्रात हा दाखला अजून चालतो.

ब्रशचा विचार अजिबात सोडू नकोस. इथे मला मनापासून सांगायचंय, कारण डावखुऱ्याला सगळ्यांत जास्त घाबरवतात ते इथेच, आणि खरं तर ब्रश पेनपेक्षा आपल्याशी जास्त न्यायाने वागतो. पेन तिरकं धरतात, म्हणून ओढणं आणि ढकलणं वेगळं पडतं. चिनी ब्रश उभा धरतात, टेबलाशी काटकोनात, मनगट उचललेलं. मोठं अक्षर असेल तर कोपरही उचललेलं. केस मऊ असतात. ब्रश ज्या दिशेला जाईल त्याच्या उलट बाजूला केसांचं टोक वाकून मागून येतं. डाव्या हाताने उजवीकडे नेलास तरी टोक मागूनच येणार. उभ्या ब्रशला कोणता हात धरतोय हे फारसं कळत नाही.

अडचण येते ती ‘खाय-शू’ या रोजच्या, नीटस लिपीत. तिथे प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला तिरका दाब आणि शेवटी वळवून थांबणं असतं, आणि ते सगळं उजव्या मनगटाच्या सवयीवर बेतलंय. बहुतेक वर्गांत सुरुवात याच लिपीने करतात. ‘योंग’ म्हणजे ‘कायम’ हे पाच रेघांचं अक्षर आधी देतात, कारण ब्रशच्या आठ मूळ हालचाली त्या एकाच अक्षरात सापडतात. तू उलटा रस्ता धर. आधी ‘ज्वान-शू’ शिक, शिक्क्यांवर कोरतात ती प्राचीन लिपी. तिच्यात रेघेची जाडी सगळीकडे सारखी, वळणं गोल, डावी-उजवी बाजू जवळजवळ आरशातली, आणि टोक कायम रेघेच्या मधोमध चालवायचं. वाटीसारखा आकार तर डावा अर्धा आणि उजवा अर्धा वेगवेगळा काढून तळाशी जोडतात. डाव्या हाताचा तोटा इथे जवळपास शून्य. त्यानंतर ‘ली-शू’, जिच्यात आडव्या रेघा खरोखरच आडव्या असतात, वर चढत नाहीत. मग ‘खाय-शू’ला ये. तोपर्यंत हात तयार असेल.

आणि डाव्या हाताने मोठं काम झालंय. चीनच्या शानदोंग प्रांतातला गाओ फंगहान (१६८३–१७४९) चित्रकार आणि सुलेखनकार म्हणून नावाजलेला होता. १७३७मध्ये त्याचा उजवा हात लुळा पडला. त्याने डाव्या हातात ब्रश घेतला आणि उरलेलं आयुष्य त्याच हाताने लिहिलं, रंगवलं. स्वतःला त्याने नाव घेतलं ‘शांग-जुओ-शंग’, डाव्याला मान देणारा. हे नावही त्याने आपल्याआधीच्या एकाकडून घेतलं होतं: युआन काळातल्या (तेरावं-चौदावं शतक) जंग युआनयौ या विद्वानाचा उजवा हात लहानपणीच दुखावला होता, तो डाव्या हाताने ‘खाय-शू’ लिहायचा आणि त्यानेही हेच नाव धारण केलं होतं. आपल्या काळातला फेई शिनवो (१९०३–१९९२) घे. १९५८मध्ये उजव्या मनगटाला क्षयाची बाधा झाली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. डावा हात त्याने तेव्हा तयार केला, आणि आज चीनमध्ये त्याचं नाव घेतात ते त्या डाव्या हातासाठीच. या तिघांवर डावा हात वेळ आल्यामुळे आला. तुला तो जन्मतः मिळालाय.

तरी एक मोकळेपणाने सांगते. ब्रश पूर्ण दंडाने चालतो, बोटांनी कमी. त्यामुळे तुझा उजवा हात पेनमध्ये जितका मागे आहे तितका ब्रशमध्ये असेलच असं नाही. पुढे एखाद्या चांगल्या गुरूकडे गेलीस आणि त्यांनी ब्रश उजव्या हातात द्यायचा आग्रह धरला, तर महिनाभर करून बघायला हरकत नाही. ते फडकं बांधून घेणं नव्हे. तुझ्या मर्जीने करशील आणि नको वाटलं तर सोडशील. पेनच्या बाबतीत मात्र मी तुला ही सूट देणार नाही.

परीक्षेचं थोडक्यात: एचएसके, म्हणजे परदेशी शिकणाऱ्यांसाठीची चिनी भाषेची परीक्षा, तिच्या सहा पातळ्यांच्या पद्धतीत पहिल्या दोन पातळ्यांना लेखन नव्हतंच, तिसरीपासून सुरू व्हायचं, आणि संगणकावर परीक्षा दिली तर अक्षरं उच्चाराच्या रोमन स्पेलिंगवरून टाइप करता येतात. फॉर्म भरताना आपल्या केंद्रावर कोणती पद्धत आहे ते विचारून घे. तेवढ्यासाठी हात बदलायची गरज कोणालाच नाही.

सरावाला काय लिहू, असं तू पुढच्या पत्रात विचारशीलच, म्हणून आत्ताच देऊन ठेवते. तू सोलापूरची. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक तुझ्या गावात आहे. १९३८मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, तिथे चिनी शिकले, आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांचं चिनी नाव ‘ख दी-हुआ’. तीन अक्षरं, आजच्या सोप्या रूपात सत्तावीस रेघा: नऊ, बारा आणि सहा. पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डाव्या कडेला ‘झाड’ आहे. झाड एकटं लिहिताना आडवी, उभी, ‘फिए’ आणि ‘ना’ अशा चार रेघा येतात. पण डाव्या कडेला आलं की अंग चोरून उभं राहतं आणि त्रासदायक ‘ना’चं नुसतं टिंब होतं. म्हणजे हे नाव आपल्या हाताला थोडं सोपंच आहे. तिसरं ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीसांच्या काळात ते दाट, जुन्या रूपात लिहीत. तुला सहा रेघांचं शिकवलं असेल, तेच लिही. त्याच्या तळाशी ‘दहा’ आहे. आडवी आधी, ढकलून, शिरोरेषेसारखी. मग उभी, सरळ खाली. कर्णवाल्या चौकटीत, उभ्या स्तंभात, उजव्या कडेपासून सुरू कर. रोज दहा वेळा, महिनाभर. आणि पान झाल्यावर वही सरळ करून बघायला विसरू नकोस.

– तुझी ताई